फोटोचा बल्ब

दि. ३ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

सादर नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. मुलीची परीक्षा संपली. तुझ्या भावजयीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. मला पित्ताने हैराण केलंय, सकाळी तोंडात इतकं कडू येतं की चहाचा वासही नको होतो. डॉक्टर म्हणतात, विचार कमी करा. मी कुठे एवढा विचार करतो, ते त्यांना माहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस. वर्ष होऊन गेलं. आधी वाटायचं, वस्तीवर चार्जिंगची सोय नाही म्हणून फोन बंद पडला असेल. मग लक्षात आलं, बंद फोनची रिंग वाजत नाही आणि तुझी तर वाजते. म्हणून पत्र लिहितोय. पत्र निदान घरात तरी येतं, मग तू वाच किंवा चुलीत घाल.

सप्टेंबरात तुला आमच्या कार्यालयाचं उत्तर आलं असेल. वस्तीवरच्या त्रेसष्ट जणांनी विजेसाठी अर्ज केला होता, त्याचं. अर्जावर पहिली सही तुझी होती, खाली ‘परिचारिका, उपकेंद्र’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली सगळे निळे अंगठे. तो माझ्याच टेबलावर आला. येणारच, तो विभाग माझ्याकडे आहे. उत्तरावर सही माझी आहे, पण मजकूर माझा नाही. मजकूर छापील आहे. हेडक्लार्ककडे तसल्या कागदांचा गठ्ठा असतो. जिभेला बोट लावून तो एकेक सुटा करतो आणि रिकाम्या जागेत वस्तीचं नाव भरतो. तुझ्या हातात आलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर त्याची थुंकी वाळलेली असणार. हे लिहितानाही मला शिसारी येतेय. ‘कार्यालयीन नोंदीनुसार सदर वस्तीचे विद्युतीकरण पूर्ण झालेले आहे. पुरवठा मिळत नसल्यास ग्राहकाने घरातील जोडणी व बल्ब तपासून घ्यावा.’ हा कागद मी दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सही केली.

आमच्या कार्यालयाचं सध्या काय चाललंय ते तुला सांगतो, म्हणजे तुला थोडं हसू तरी येईल. दारावर मोठा फलक लागलाय, ‘शंभर टक्के घरांत उजेड’. फलकाला चारी बाजूंनी दिव्यांची माळ आहे. पण आमच्याच गल्लीत दुपारी दोन ते पाच वीज नसते, त्यामुळे माळ पेटती ठेवायला मागच्या अंगणात जनरेटर धडधडत असतो. त्याचा धूर खिडकीतून थेट माझ्या टेबलावर येतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. साहेब बाहेरून आलेल्या माणसांना आधी फलक दाखवतात, मग बिस्किटं देतात. बोलता बोलता गाडीच्या किल्लीने कान कोरतात आणि तीच किल्ली बशीशेजारी ठेवतात. पाहुणे बिस्किटं खातात.

फलकावर आईचा फोटो आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. फलकावर आहे, बिलाच्या मागच्या बाजूला आहे, कॅलेंडरवर सगळे बारा महिने आहे. बाजारात एका दुकानदाराने तिच्या तोंडावर खिळा ठोकून कॅलेंडर टांगलंय. तिचं नाव कुठेही नाही, नुसतं ‘समाधानी ग्राहक’.

तो फोटो कसा निघाला, हे तू वस्तीवरच्या लोकांकडून ऐकलंस, माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. तेव्हा ऐक. गेल्या वर्षीची मार्चअखेर होती. खालच्या गावातल्या शाळेपर्यंत तार पोचली होती. तिथून वर वस्तीपर्यंत बावीस खांब लागत होते. ठेकेदाराने ते आणून वळणावर उतरवले आणि हात झटकले. आजही ते तिथेच आडवे पडलेत, तू रोज त्यांच्यावरून येतेस-जातेस. पण घरात मीटर, बोर्ड, बटण, होल्डर सगळं बसवून झालं होतं, कारण मोजदाद घरातल्या सामानाची होते. खांबाचा फोटो कुणी मागत नाही. प्रत्येक वस्तीमागे आठ घरांचे फोटो लागतात. बल्ब पेटलेला हवा आणि त्याखाली घरातलं माणूस हवं.

त्यासाठी आमच्या जीपमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर असतो. जीप परसात लावायची, खिडकीतून वायर आत घ्यायची, बोर्डाच्या मागे जोडायची. बल्बही आमचाच, शंभर वॅटचा, फोटोत झकास दिसतो. त्याच्या गळ्याशी लाल रंगाचा ठिपका आहे, म्हणजे चुकून कुठल्या घरात राहून जायला नको. आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो हा बल्ब आपल्या जुन्या मोज्यात गुंडाळून डॅशबोर्डात ठेवतो. फोटो झाला की तो काढायचा आणि योजनेतला फुकटचा बल्ब त्या जागी लावून पुढचं घर गाठायचं. त्या एका बल्बाने आमच्या विभागातली एकोणचाळीस गावं उजळली, ताई. कागदावर बघशील तर प्रत्येक फोटोत तो लाल ठिपका सापडेल.

वस्तीवर पहिलं घर सुतारकाकांचं. त्यांनी आम्हाला उंबऱ्यातच अडवलं. म्हणाले, “फोटो काढायचाच तर अंधाराचा काढा.” ते बघून बाकीच्यांनीही दारं लावून घेतली. ठेकेदार मला म्हणाला, “साहेब, तुमचं घर आहे ना इथे? ओळखीचं घर असलं की पटकन होतं.” तू त्या आठवड्यात प्रशिक्षणाला खाली गेली होतीस. मी आईला हाक मारली.

तिने केस विंचरले, चष्मा पुसला. मी बटण दाबायला सांगितलं, तिने दाबलं. नंतर कितीदा सांगितलं तरी कॅमेऱ्याकडे बघायला तयार नाही, वर बल्बाकडेच बघत राहिली. म्हणून तो फोटो इतका चांगला आला. तिचा आठ वेळा फोटो काढला, आठ ठिकाणी उभं करून, आणि आठ घरं भरली. असो.

अजून एक बातमी आहे. वरून नवं परिपत्रक आलंय. पहिल्या टप्प्यात ज्या वस्त्या राहून गेल्या त्यांच्यासाठी दुसरा टप्पा निघाला आहे. नावं कळवायची मुदत ३० नोव्हेंबर. आपल्या वस्तीचं नाव त्यात कसं घालायचं ते बघतो. सोपं नाही, कारण कागदोपत्री ती राहिलेली नाही. बघू.

तब्येतीला जप. लसींचा डबा घेऊन उन्हातून वर चढू नकोस, बर्फासाठी खाली दुसऱ्या कुणाला तरी पाठवत जा. आणि आईच्या पेटीत ते पाच बल्ब आहेत ना, ते कुणाला देऊ नकोस, ठेवूही नकोस. टाकून दे.

तुझा
बारक्या


दि. १४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत माझं पत्र नव्हतं, याचा अर्थ तू ते ठेवलंस किंवा जाळलंस. कार्यालयाचं उत्तर तेवढं होतं. त्यातल्या ‘बल्ब तपासून घ्यावा’ या शब्दांखाली तू लाल रेघ मारली आहेस. लहान मुलांच्या वजनाच्या तक्त्यावर ज्या पेनने रेघ मारतेस, त्याच पेनाची असावी. खाली एकच ओळ. “आईलाही हेच कोणी सांगितलं होतं का?”

मला ठाऊक होतं की हा प्रश्न कधीतरी येणार. पेटीतल्या बल्बांबद्दल मी लिहायला नको होतं. की मुद्दाम लिहिलं, ते मलाच नीट सांगता यायचं नाही.

आधी परिपत्रकाचं लिहितो, कारण ते सोपं आहे. मी साहेबांना भेटलो. म्हटलं, आपल्या यादीत एक चूक झालीय, एक वस्ती राहून गेलीय. ते हसले. म्हणाले, “अहो, शंभर टक्के झालेत. आता शंभराचे नव्याण्णव करायचे कुठल्या तोंडाने?” मग दार लावून घेतलं आणि समजावून सांगितलं. वस्ती दुसऱ्या टप्प्यात घालायची तर पहिल्या टप्प्यातला वीज पोचल्याचा दाखला खोटा होता असं कुणीतरी लेखी द्यावं लागेल, आणि ज्याने दाखल्यावर सही केली तोच ते देऊ शकतो. म्हणजे मी. म्हणजे चौकशी, निलंबन, आणि माझी तीन वर्षांची उरलेली नोकरी. “कशाला उगीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता,” असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओलसर होता. घरी येऊन मी शर्ट बदलला, तरी त्यांच्या अत्तराचा वास जाईना. मला त्यांची किळस आली, पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि त्याची जास्त किळस आली.

मी अजून काही लिहून दिलेलं नाही. कागद काढतो, वर तारीख टाकतो, फाडतो.

आता तुझा प्रश्न.

फोटो काढून आम्ही निघालो तेव्हा भोंग्याने लाल ठिपक्याचा बल्ब काढला आणि फुकटचा लावला. आई बघत होती. मी तिला म्हटलं, अजून टेस्टिंग चाललंय, आठ-पंधरा दिवसांत सुरू होईल. तिने रोज बटण दाबून बघितलं. तू तिला सांगत होतीस की तारच आलेली नाही, खांब वळणावर पडलेत. आणि ती तुला सांगत होती की मी माझ्या हाताने बटण दाबलं, माझ्या डोळ्यांनी उजेड बघितला, माझा मुलगा इंजिनिअर आहे. यावरून तुमची किती भांडणं झाली, हे मला तिच्याकडूनच कळायचं. बाजाराच्या दिवशी ती खालच्या गावात उतरायची आणि किराणा दुकानातून मला फोन करायची. म्हणायची, “तुझी बहीण मला वेडी ठरवतेय.” मी हसून विषय बदलायचो. तू खरं सांगतेस, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सहा महिन्यांत मला ते जमलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात बैठक होती. फलकासाठी फोटो निवडायचा होता. टेबलावर आईचा फोटो पसरलेला, चांगला हातभर मोठा. साहेब म्हणाले, “किती गोड म्हातारी आहे, कुणाची आई आहे कोण जाणे.” सगळे हसले. मीही हसलो. एक भोंगा काय तो ओळखणारा, तो दाराशी चहाचा ट्रे धरून उभा होता, त्याने मान खाली घातली. तेवढ्यात माझा फोन वाजला. किराणा दुकानाचा नंबर. मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

आई म्हणाली, “अरे, मला आता कळलं बघ काय झालंय ते. तुझ्या माणसांनी जाताना चांगला बल्ब काढून नेला आणि हा भुक्कड लावून गेले. म्हणून लागत नाही.”

ताई, तिचा तर्क चुकीचा नव्हता. तिने जे बघितलं होतं त्यावरून दुसरा कुणीही हेच म्हणाला असता. चांगला बल्ब होता, उजेड होता. तो गेला, उजेड गेला. आत माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. मी म्हणालो, “हो, बल्ब गेला असेल, आई. बदलून बघ.”

“बदलते,” ती म्हणाली. “तसं मी तुझ्या बहिणीला म्हटलंच होतं.” आवाजात इतका आनंद होता की मी पुढे काही बोललो नाही. एक मिनिटसुद्धा झालं नसेल. मी आत गेलो, फोटो मंजूर झाला.

तिने त्याच दुकानातून पहिला बल्ब घेतला. तो लागला नाही तेव्हा तिला वाटलं असणार की तोही वाईट निघाला. मग दुसरा, मग तिसरा. सहाव्या वेळी ती स्टुलावरून पडली. दुपारचे चार वाजले होते. तू उपकेंद्रात बाळंतपणात अडकली होतीस, दातांत टॉर्च धरून टाके घालत होतीस. हे तू मला दवाखान्याच्या पायरीवर सांगितलंस. आणि म्हणालीस, “काल मी तिला म्हटलं, तू पार वेडी झालीस. सगळ्यांसमोर म्हटलं. माझ्यावर रागावून चढली ती.” तू रडत होतीस. मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि मी तुला तसंच रडू दिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तेवीस दिवस अंथरुणावर होती, तू तिचं सगळं केलंस. मी दोनदा येऊन गेलो, संत्री घेऊन. दुसऱ्यांदा आलो तेव्हा ती मला जवळ बोलावून म्हणाली, “सहावा लागणार होता बघ.” मी मान डोलावली.

तिला स्मशानात नेलं त्या दिवशी वस्तीवरच्या बायका म्हणत होत्या की म्हातारीला शेवटी चळ लागला होता, पेटीत बल्ब जमवून ठेवले होते. तू गप्प राहिलीस, कारण तुलाही तसंच वाटत होतं. मी गप्प राहिलो, कारण मला माहीत होतं. तू माझ्याशी बोलणं सोडलंस ते जीपमुळे आणि त्या फलकामुळे. मला वाटलं, एवढ्यावरच निभावलं. तुझ्या अबोल्याने मला बरंच वाटत होतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. मीच सांगितलं होतं. तुझ्यावर रागावून ती चढली नाही. माझं ऐकून चढली.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

बारक्या


दि. १ डिसेंबर

ताई,

काल मुदतीचा दिवस होता. तुझ्याकडून काही आलं नाही. यावेळी मी वाटही बघितली नव्हती. मी कागद लिहून दिला, एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

सकाळी साडेदहाला हेडक्लार्कसमोर ठेवला. त्याने बोट जिभेकडे नेलं, पहिली ओळ वाचली आणि बोट तसंच राहिलं. म्हणाला, यावर आवक क्रमांक टाकला तर परत घेता येणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच टाका. तो चष्मा काढून बसला. शेवटी मीच शिक्का उचलून मारला आणि क्रमांक त्याच्याकडून लिहून घेतला.

बातमी जिने चढून साहेबांपर्यंत जायला पाच मिनिटं लागली नसतील. त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. बिस्किटांची बशी पुढे केली. म्हणाले, वस्तीच घालायची ना, आपण तोंडी काहीतरी करू, कागद मागे घ्या. मी विचारलं, तोंडी तार ओढता येते का? मग मात्र ते रागावले. म्हणाले, तुमच्या एका वस्तीपायी एकोणचाळीस गावांची चौकशी लागेल. मी म्हटलं, लागू दे, सगळीकडे बल्ब तोच आहे. साहेबांनी बशी मागे ओढली, मीही उठलो.

जिन्यात भोंगा उभा होता. त्याला सगळं आधीच कळलेलं. त्याने खिशातून तो मोजा काढून माझ्या हातात दिला, बल्बासकट. “साहेब, बॅटरी मी जोडली होती. तेवढं लिहा, आणि माझी सही कुठे करायची ते दाखवा.” त्याला तीन मुलं आहेत. मी त्याला नको म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, “माझी आई पण फोन करते.” आता कागदावर माझ्या सहीशेजारी त्याची वाकडी सही आहे. त्याला लिहायला बराच वेळ लागला. आम्ही दोघं जिन्यातच उभे राहून ती वाळेपर्यंत थांबलो.

संध्याकाळी मला निलंबनाचा आदेश मिळाला. यादी मात्र त्याआधी रवाना झाली होती. माझ्या कागदावर आवक क्रमांक पडल्यावर त्यांना ती अडवता आली नाही. आपल्या वस्तीचं नाव शेवटून दुसरं आहे. तार कधी येईल ते मी तुला सांगणार नाही, आणि मी सांगितलं तर तू धरून चालू नकोस. वळणावरचे खांब उभे झालेले दिसले, त्यांच्यावर तार दिसली, तुझ्या उपकेंद्रातला दिवा तुझ्या हाताने पेटला, तरच खरं मान. तोवर स्टुलावर कुणाला चढू देऊ नकोस.

पेटीतले बल्ब टाकून दे असं मी लिहिलं होतं, ते टाकू नकोस. सगळे चांगले आहेत. सगळेच चांगले होते. जमलं तर बायकांना तेवढं सांग. मी येऊन सांगायला तयार आहे, तू ये म्हणालीस तर.

लिहून दिलेल्या कागदाची प्रत सोबत जोडतोय. जपून ठेव. जास्त नाही, एक पानच आहे. नियमाप्रमाणे शेवटच्या परिच्छेदात ‘चुकीच्या दाखल्यामुळे झालेले नुकसान’ लिहावं लागतं. तो मी किती वेळा लिहिला ते विचारू नकोस. आमच्या कार्यालयाच्या भाषेत माझ्या हातून निघालेलं हे शेवटचं वाक्य, तेवढं इथे उतरवतो.

‘वीज नसलेल्या सदर घरातील महिला ग्राहक, वय ७४, पूर्ण शुद्धीत व समजुतीने वागणाऱ्या, यांनी खाली सही करणाऱ्याच्या सांगण्यावरून बल्ब सहा वेळा बदलला.’

खाली सही करणारा,
तुझा भाऊ